सवतीकडे निघालेला नवरा

चष्मेवाले गेले, त्याच्या बाराव्या दिवशी गुरुजी त्यांच्या बायकोला धीर देत म्हणाले, "ताई, जीव लगेच पोचत नाही. वर्षभर चालावं लागतं. दर महिन्याला आपण जे देतो ना, ती त्याची वाटेतली शिदोरी."

धीर यायच्या ऐवजी बाई जास्तच धास्तावल्या. चालत चालत हा माणूस पोचणार कुठे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पहिलीकडे!

पहिली म्हणजे चष्मेवाल्यांची पहिली बायको. तेविसाव्या वर्षी तापाने गेली, मागे चार वर्षांचा मुलगा ठेवून. वर्षभराने बाई या घरात आल्या. मग एकोणतीस वर्षं नवऱ्याच्या शेजारी बसून काचा घासल्या, फ्रेमचे केसाएवढे स्क्रू बसवले आणि सवतीचा मुलगा पोटच्यासारखा वाढवला. तो त्यांना मावशी म्हणायचा. त्याचं वाईट वाटलंच असेल, तर ते त्यांनी गिळलं होतं.

पहिल्या मासिक श्राद्धाला मुलाने बसच्या ड्युटीवरून रजा काढली. पाटावर वडिलांचा फोटो ठेवला आणि शेजारी आईचा. ती टपोऱ्या डोळ्यांची, तेविशीची. हे साठीचे, टक्कल पडलेले.

"अहेव गेली हो, भाग्याची," नणंद डोळे टिपत म्हणाली. "आता इतक्या वर्षांनी भेट होईल बिचाऱ्यांची."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या आत गेल्या आणि उगाचच एक धुतलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

तेव्हापासून दर महिन्याला मुलगा तीळ-तांदूळ घेऊन बसला, की बाई मनातल्या मनात वाट मोजायच्या. आता पाव वाट झाली असेल. आता निम्मी. वाटेत थांबून भांग पाडला असेल, पाडायला आहे काय म्हणा! दुकानातल्या आरशात स्वतःकडे बघून तर त्यांना रडूच यायचं. ती तिथे कायमची तेविशीची. आपण जाऊ तेव्हा पाठीला बाक आलेला असणार. जवळचा चष्मा लावल्याशिवाय हे ओळखतील तरी का?

आठव्या महिन्यात त्यांनी मुलाला सांगून टाकलं, "गुरुजींना ताप आलाय. या खेपेचं राहू दे."

मुलगा उठला. पिशवीत सामान भरलं आणि थेट गुरुजींच्या घरी गेला. गुरुजी गॅलरीत धोतर वाळत घालत होते. तिथेच सगळं उरकून तो दुपारी परतला.

"मावशी, गुरुजी ठणठणीत आहेत. खोटं का बोललीस?"

"चालू देत की जरा सावकाश," बाई एकदम उसळल्या. "तिच्याकडे जायची एवढी कसली घाई लागलीय?"

"कुणाकडे? आईकडे?" त्याला हसू आलं, पण बाईंचे डोळे बघून त्याने ते आवरलं. "मला तिचा चेहराही आठवत नाही गं. फोटो लावतो, कारण माझ्याकडे तिचं तेवढंच आहे."

बाईंना ते पटलं. जळणं मात्र काही थांबलं नाही.

सपिंडी हल्ली बहुतेक जण बाराव्यालाच उरकतात. मुलाने ती वर्षावर ठेवली होती. त्या दिवशी गुरुजी दर्भ मांडत असताना बाई त्यांच्याजवळ सरकल्या. "हे आज पोचून भेटणार कुणाला?"

"वडिलांना, आजोबांना, पणजोबांना. त्यांच्या पिंडांत यांचा पिंड मिळवायचा, की हे त्यांच्या पंक्तीला बसले."

"म्हणजे मामंजींकडे? आणि... पहिली?"

"ती केव्हाच सासूच्या पंक्तीत गेली."

बाईंनी तोंडाला पदर लावला. मामंजींसमोर ह्यांनी जन्मात मान वर केली नव्हती. पन्नाशीतसुद्धा सिगारेट खिशातच विझवायचे. आता बसा म्हणावं मांडी घालून! हसू काही केल्या आवरेना. मग एकाएकी त्यांना सुचलं. "आणि मी गेल्यावर?"

"तुम्हीही सासूबाईंकडेच."

म्हणजे सवतीच्या शेजारीच. हसू जागच्या जागी थिजलं.

मुलाने जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, वडिलांच्या लांबट पिंडाचे तीन भाग केले आणि एकेक भाग एकेका पिंडात मिसळला. बारीक स्क्रू नुसत्या नजरेने हेरणाऱ्या बाईंना ह्यांचा भाग कुठला, ते डोळे ताणूनही कळेना. वर्षभरात पहिल्यांदाच त्या कुणाचाही हेवा न करता रडल्या.

निघताना गुरुजी म्हणाले, "पितृपंधरवड्यातली पहिल्या बाईंची अविधवा नवमी आता बंद केली तरी चालेल. नवरा असेपर्यंतच करतात ती."

एकोणतीस वर्षं त्या दिवशी सवतीच्या नावाचं पान बाईच वाढत आल्या होत्या, दातओठ खात. सुटले एकदाची, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात चटई गुंडाळणाऱ्या मुलाचे हात थांबलेले त्यांना दिसले.

"म्हणजे आता आईचं काहीच नाही?" त्याने हळूच विचारलं.

"कोण म्हणतं? मी करीन," बाई म्हणाल्या.

"अहो, पण शास्त्रात..."

"शास्त्राला कुठे गॅसपाशी उभं राहायचंय, गुरुजी?" मग त्या मुलाकडे वळल्या. "पण तिला काय आवडायचं, ते मला कुणी सांगायचं नाही. मला जमतं ते मी करणार. आणि तिला म्हणावं, मुकाट्याने जेव."

बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळली होती. बाईंनी नाक पुसलं आणि दुकान उघडायला गेल्या.