निवृत्तीची कसर

निवृत्ती सूर्यवंशींना असा भरून ताप कधी आला नाही. अंगात कसर मात्र कायम असायची. डॉक्टरला सापडत नाही, हाताला लागत नाही, पण ज्याची त्याला आतून जाणवते, तशी. सकाळी उठले की ते डाव्या हाताने उजवं मनगट धरत, जरा वेळ छताच्या पत्र्यांकडे बघत आणि म्हणत, "आज बी हाय."

काय आहे, हे त्यांची बायको पारूबाई विचारायची नाही. लग्न झाल्यापासून ती हेच ऐकत आली होती.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला आणि नव्या कचेरीत शिपाई म्हणून निवृत्तींची उदगीरहून बदली झाली. साहेब नवे, खुर्च्या नव्या, पाट्यांवरचा रंगही अजून ओला. पाऊस तेवढा आला नव्हता. दोघांनी एका गल्लीत पत्र्याची खोली भाड्याने घेतली. शेजारी कमलम्मा राहायच्या. त्या कर्नाटकाच्या बाजूच्या, विधवा, बोलायला फटकळ. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा, त्याला वेळ अशी नव्हती, पण बहुधा भर दुपारी. बायका सकाळपासून घागरी रांगेत लावून ठेवायच्या. कमलम्मांची घागर पारूबाईच्या घागरीपासून हातभर लांब असायची. त्यावर कोणी बोलत नव्हतं. सूर्यवंशींच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, तो गल्लीने पहिल्याच दिवशी पाहिला होता.

रांगेत निवृत्तीही उभे राहिले असते. पण कसर होती ना.

उन्हाळा तापायला लागला तसं त्यांनी एक थर्मामीटर आणलं. हे आता एकदाचं सिद्धच करायचं, असं त्यांच्या मनात होतं. एका सुट्टीच्या दुपारी जेवण करून, चहा घेऊन ते खाटेवर बसले आणि फळीवरचं थर्मामीटर काढून जिभेखाली धरलं. बाहेर काढून बघतात तर पारा पार टोकाला. एकशे आठ.

निवृत्ती आडवे झाले. मुखेडला भावाला, शेषेरावला निरोप धाड, असं त्यांनी बारीक आवाजात बायकोला सांगितलं. आपल्यामागं तिनं इथं राहू नये, असंही सांगितलं. पारूबाईने नळी हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली.

"आत्ता चहात साखर कमी हाय म्हणालाव," ती म्हणाली. "एकशे आठवाल्याला साखर कळती का?"

तरी ते उठून डॉक्टर अमृतरावांच्या दवाखान्यात गेले. चालतच गेले. अमृतरावांनी आपल्या नळीने ताप बघितला, तो नव्हता. मग त्यांनी समजावून सांगितलं की ही नळी माणसाच्या अंगासाठी केलेली असते. पत्र्याखाली खोलीच अंगापेक्षा जास्त तापली की पारा फळीवरच वर चढून बसतो, आणि झटकल्याशिवाय खाली येत नाही. माठाच्या पाण्यात बुडवून, झटकून मग लावायची. खोलीला ताप आहे, तुम्हाला नाही.

एवढ्यावर उठतील तर ते निवृत्ती कसले. दवाखान्यात त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी तापाचे सगळे प्रकार विचारून घेतले. अमृतरावही सांगत बसले. साध्या तापात अंग स्वतःच आपली ऊब वाढवतं, तिथं गोळी चालते. ऊन लागतं तेव्हा गोष्ट वेगळी. बाहेरची उष्णता अंगात शिरते, अंग घाम काढून काढून थकतं, आणि मग माणूस बरळायला लागतो. तिथं गोळीचा उपयोग नाही. अंगावर पाणी आणि वारा, आणि लगेच दवाखाना. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

घरी येऊन निवृत्तींनी हे सगळं पारूबाईला ऐकवलं. ती डाळ निवडत होती. मधेमधे "हाव" म्हणाली.

मे महिन्यात एका रविवारी टँकर लई उशिरा आला. निवृत्ती घरीच पडून होते, थर्मामीटर सदऱ्याच्या खिशात. तेवढ्यात कमलम्मा दारात आल्या.

"अण्णा, चला लवकर. पारूबाई कसंतरीच बोलायलीय."

गल्लीच्या तोंडाशी पारूबाई भिंतीला टेकून बसली होती. भरलेल्या दोन घागरी पुढ्यात होत्या. गाय सोडायची राहिली, असं ती सांगत होती. यांच्याकडे गाय कधीच नव्हती. निवृत्तींनी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं, आणि कोरडं. घामाचा थेंब नाही. भोवती बायका जमल्या. ताप भरलाय, गोधडी घाला, असं एकीने सुचवलं. दुसरी गोळी आणायला निघाली.

कचेरीत ज्यांचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत जात नसे, ते निवृत्ती म्हणाले, "गोधडी न्हाई. गोळी न्हाई. पानी."

त्यांनी तिला उचलून लिंबाच्या सावलीत आडवं केलं आणि पहिली घागर तिच्या अंगावर ओतली. मग दुसरी. ते पाणी पुढचा टँकर येईपर्यंत पुरवायचं होतं. सगळं मातीत गेलं. ओलं लुगडं तसंच अंगावर ठेवून ते सुपाने वारा घालू लागले. लुगडं बघता बघता कोमट झालं. त्यांनी वर बघितलं. पाणी मागायला तोंड उघडलं, मग मिटून पुन्हा सूप हलवायला घेतलं. सगळ्यांच्या घागरी भरलेल्या होत्या, आणि सगळ्यांच्या घरी लेकरं होती.

कमलम्मांनी आपली घागर उचलली. त्या खाली बसल्या, पारूबाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि मानेवर, काखेत, छातीवर पाणी धरलं. त्यांचं स्वतःचं लुगडं चिंब झालं. "वारा थांबवू नका अण्णा," एवढंच त्या बोलल्या. मग आणखी दोघी-तिघींनी तांबे पुढे केले. कोणीतरी ऑटो आणला. वाटभर निवृत्ती ओल्या पंचाने वारा घालत होते.

सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं. संध्याकाळी पारूबाईने डोळे उघडून नवऱ्याला ओळखलं. ऊन लागलं तेव्हा ताप किती होता, असं डॉक्टरीण बाईंनी विचारलं.

निवृत्तींचा हात खिशाकडे गेला. "मोजला न्हाई, बाई," ते म्हणाले.

"जल्मभर सोताचा मोजला," खाटेवरून पारूबाई हळूच म्हणाली. "माझ्या येळेला इसरले."

निवृत्ती हसायला गेले आणि त्यांना हसता आलं नाही. ते पुन्हा पंचाने तिला वारा घालू लागले.

त्यानंतर रांगेत निवृत्ती दिसू लागले, डोक्याला ओला पंचा गुंडाळून. जेवणाच्या सुट्टीत कचेरीतून यायला उशीर झाला तर कमलम्मा त्यांच्या घागरी आपल्या घागरीला लावून ठेवायच्या. टँकरवाल्याशी भांडण कमलम्मांकडे, घागरी उचलणं निवृत्तींकडे, अशी वाटणी झाली. पारूबाईला सावलीतून उठायची मनाई होती. ती तिथूनच दोघांना सूचना द्यायची.

ही हकिगत निवृत्ती कचेरीत आणि पाहुण्यांत पुष्कळ वर्षं सांगत राहिले. प्रत्येक वेळी ती थोडी लांबायची. ऊन वाढायचं, गर्दी वाढायची, निवृत्तींचा आवाज तर पार टेशनापर्यंत जायचा. पारूबाई मधे बोलायची नाही. घागरींपाशी आले आणि घाईत पुढे निघाले, तरच सुपारी कातरता कातरता म्हणायची, "कमलम्माचं नाव घ्या की."

मग ते मागे येऊन नाव घ्यायचे.