हरिश्चंद्राच्या पडवीतली गलबतं

मिठबावच्या हरिश्चंद्र सुताराने उभ्या जन्मात तेवीस गलबतं बांधली. पुढे इंजिनाच्या लाँची आल्या, आणि लोक शिडाची गलबतं काठावर ओढून जळणाला फोडू लागले. पंचावन्न सालापासून हरिश्चंद्र अशा फोडणीच्या जागी जाऊन उभा राही आणि एकच वस्तू मागून आणी. कुणाचं सुकाणू, कुणाचा कंदील, कुणाची नावाची फळी. ती पडवीच्या भिंतीवर टांगायची, खाली पत्र्याच्या तुकड्यावर गलबताचं नाव आणि ते संपल्याचं साल रंगवायचं. वस्तू हाती आली की ती टांगेपर्यंत चहाचा घोट घेत नसे.

गाव टिंगल करी. "हरिश्चंद्रा, आमच्या गलबताचा बारावा कधी घालतंस रे?"

"आधी मरांदे तरी!"

चालत्या गलबताचा खिळासुद्धा तो पडवीत येऊ देत नसे.

पडवी झाडायची त्याची लेक सुगंधा. तिचा नवरा सत्यवान खलाशी. साठच्या वैशाखात मंगळूरहून कौलं भरून निघालेलं त्याचं गलबत, सासऱ्यानेच बांधलेलं, वादळात सापडलं. कुठल्याच बंदराला लागलं नाही. सुगंधा माहेरी आली, पण कुंकू लावत राहिली. कुणी आडून काही सुचवलंच, तर विचारी, "बाबांच्या पडवीत त्येंचा गलबत खंय आसा?"

बासष्टच्या शिमग्याआधी एका दुपारी लवू तांडेल पोतं घेऊन आला. त्यातून त्याने शिडाचा दोर ओढायची लाकडी कप्पी काढली. कारवारकडे कुणाच्या जाळ्यात गावलेली. लाकडावर कालवं चिकटली होती, पण तीन तिरक्या खाचा स्पष्ट दिसत होत्या. प्रत्येक गलबताच्या सामानावर हरिश्चंद्र पटाशीने वेगळी खूण करी. ही खूण जावयाच्या गलबताची.

"सुगंधाक सांगू नको," एवढंच तो म्हणाला आणि त्याने कप्पी भाताच्या कणगीत खुपसली.

लवू गेल्यावर सुगंधा विहिरीवरून पाणी घेऊन आली. "लवूदादा वाटेर गावलो. पोता रिकामा घेवन चल्लो होतो."

"असोच इल्लो."

तिने भिंतीवरून नजर फिरवली. नवीन काही नव्हतं. चहाचा एक कप रिकामा होता, दुसरा भरलेला, साय धरलेला.

"बाबानू, तुमचो चाय तसोच रवलो. वस्तू खंय लपवलास?"

हरिश्चंद्राने कणगीत हात घातला. सुगंधाने खाचांवरून बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं. रडली नाही. काय करावं ते न सुचून म्हातारा खुंटी आणि हातोडी शोधू लागला.

"हंय टांगू नकात," ती म्हणाली. "माझी सासू आचऱ्याक अजून त्येंचा दुपारचा ताट वाढून ठेवता. तिका नेवन दिवक होयी."

"मी जातंय गो. तू नको."

"तुमी काय सांगतलास? तुमका माकाच सांगूक जमला नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक आचऱ्याच्या खाडीवर येऊन होडीत बसली. कप्पी सुगंधाच्या मांडीवर होती, पदराखाली. कपाळावर कुंकू होतं. होडीवाल्याने वल्हं पाण्यात टाकलं आणि हसून विचारलं,

"कितक्या दिसांनी गो! सासरी चल्लंस?"

"होय," सुगंधा म्हणाली.