लाल बेबोचे नवे पाटे

आधी चहा घ्या. गोष्ट काही फार हसरी नाही, हे सांगून ठेवतो. लोक हसतात. मीही हसतो. आता तुम्ही विषय काढलातच, तर काय काय म्हणून सांगू! आयुष्यात एक काम मी मनापासून, कुणी न सांगता केलं. आणि त्याच कामापायी, भर वालावलीच्या देवळासमोर, माझ्या जन्मदात्या बापाने मला म्हातारी माणसं पळवणारा ठरवलं!

आमचा जिल्हा रत्नागिरीपासून नुकता वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. मी कुडाळात शाळेत भूगोल शिकवत होतो. भूगोल, हे लक्षात ठेवा. पुढे लाज वाटायला उपयोगी पडेल.

आबा, म्हणजे माझे वडील, रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर होते. त्यांचा एक गोव्याचा दोस्त होता, मिंगेल डॉक्टर. तो बायकापोरांसकट लिस्बनला गेला आणि जाताना आपली गाडी आबांकडे ठेवून गेला. "मी येईपर्यंत चालव," म्हणाला. तो काही आला नाही. गाडी राहिली.

आणि गाडी कसली? लाल, दोन माणसांची, कापडी छपराची, शर्यतीत पळवतात तसली. बसलं की बाजूने जाणारी शेळी थेट तुमच्या डोळ्यांत बघणार, इतकी बुटकी. नवी असताना म्हणे वाऱ्यासारखी धावायची. आमच्याकडे म्हातारपणी तिला उड्या मारायचा नाद लागला. स्प्रिंगचे पाटे बसलेले, शॉकअप मेलेले, सीटमधला काथ्या दगड झालेला. साधा खडा चाकाखाली आला तरी आम्ही दोघं सीट सोडून वर! गावाने नाव ठेवलं, लाल बेबो. बेबो म्हणजे बेडूक.

पुढे काचबिंदूने आबांचे दोन्ही डोळे गेले. बांधकामावर ऊन-पाऊस अंगावर घेत फिरलेला माणूस पडवीत खुर्चीला खिळला. बाहेर पडणं म्हणजे काय ते एकच. दर एकादशीला मी त्यांना बेबोत घालून वालावलीच्या लक्ष्मीनारायणाला न्यायचो.

आणि तो प्रवास! खड्डा आला की आबा ओरडायचे, "आयायायाय! मेलंय रे मेलंय!" आणि मग तो रस्ता ज्याने केला त्या ठेकेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार. पुढचा खड्डा, पुढचा ठेकेदार. मी स्टिअरिंगला धरून बसलेला, आणि प्रत्येक "मेलंय"ला माझं काळीज तुटायचं. म्हातारा बाप, आंधळा, आणि त्याची ही हाडं मी खिळखिळी करतोय!

त्यात गणपतीला मुंबईहून दादा आला. माझा थोरला भाऊ. एकदा आबांबरोबर बेबोत बसून आला आणि कंबर धरून म्हणाला, "सदा, या खटाऱ्यात एक दिवस आबांचं काहीतरी होईल. तुला त्यांना नीट फिरवताही येत नाही. मी त्यांना मुंबईला घेऊन जातो. कायमचे."

दादाची एसटी सुटल्यावर आबांनी चाचपत माझा हात शोधला आणि आपल्या डोक्यावर ठेवला.

"सदू, माका हयसून हलवू नको. हयसर माका सगळा दिसता."

मी शपथ घेतली. आंधळा माणूस 'दिसता' म्हणाला, तर निदान विचारायचं तरी, काय दिसतं म्हणून! नाही विचारलं. शपथ घेण्यातच गुंग होतो ना मी.

मग मी ठरवलं, बेबोला असा मऊ करायचा, की दादाला बोलायला तोंडच राहणार नाही. आबांना सांगायचं नाही. एकादशीला अचानक चकित करायचं. चांगली माणसं अशीच बिघडतात बघा.

गाडी टाकली इनासच्या गॅरेजमध्ये. इनासचे हात चांगले, तोंड त्याहून मोठं. गाडीखाली सरपटत गेला आणि आतूनच ओरडला, "मास्तरानूं, गाडी न्हय, पाळणो करून देतंय!"

शाळा सुटली की मी तिथेच. बेळगावहून शॉकअप मागवले. ते बसेनात, मग लेथवर कापून बसवले. नवे पाटे घातले, बुश बदलले, सीटमधला काथ्या काढून फोम भरला. जुने पाटे लोहार घेऊन गेला. काम झाल्यावर इनासने पांढरा शर्ट घातला, हातात काठोकाठ भरलेला सोलकढीचा पेला धरला आणि मला म्हणाला, "चला पिंगुळीपर्यंत." गेलो, परत आलो. शर्टावर थेंब नाही! मी त्या माणसाला भर रस्त्यात मिठी मारली. सोलकढी तेव्हा सांडली.

एकादशी उजाडली. आबा गाडीत बसले आणि फोममध्ये खोल गेले. कपाळाला आठी. तेवढ्यात माझ्या बायकोने, सुमतीने, प्रेमाने त्यांच्या पाठीशी उशी सरकवली, अंगावर शाल टाकली.

"उशी कित्याक? वालावलीक जावक उशी लागता?"

"असू दे हो मामंजी, आरामात बसा," सुमती म्हणाली.

आम्ही निघालो. नाक्यावर इनास आपल्या कलाकृतीची वाट बघत उभाच होता. दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "आबानूं, आता थेट मुंबयपर्यंत गेल्यात तरी पोटातला पाणी हलूचा नाय!"

आबांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, सवय नाही म्हाताऱ्याला सुखाची.

काय ती गाडी चालली हो! लोण्यातून सुरी जावी तशी. खड्डे होते, पावसाने धुऊन काढलेले चांगले गुडघ्याएवढे. पण बेबो नुसता मान डोलवल्यासारखा करायचा आणि पुढे. आबांचा आवाज नाही. 'मेलंय' नाही, ठेकेदार नाही. दोन्ही हातांनी शाल घट्ट धरून बसलेले.

बऱ्याच वेळाने विचारलं, "खंय पावलो?"

"नेरूर इला, आबा."

"नेरूर?"

"व्हय."

जरा पुढे गेल्यावर मी सहज बघितलं, तर त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. मला काय वाटलं असेल सांगा! आनंदाश्रू! एवढं सुख या माणसाने कधी बघितलं नाही, असं वाटून मीही डोळे पुसले. ॲक्सिलरेटरवर पाय थोडा जास्तच दाबला.

"आबा, बरां वाटता मां?"

माझ्या वारलेल्या आईची आठवण काढून ते खोल आवाजात म्हणाले, "वर गेल्यार तुझ्या आवशीक मी काय सांगू?"

"सांगा, सदून गाडी बरी केल्यान!"

बघा, मी काय बोललो ते!

वालावल आली. देवळासमोर गाडी लावली, उतरलो, त्यांच्या बाजूचं दार उघडलं. "उतरा आबा."

"हात लावू नको माका!" त्यांनी दार आतून ओढून धरलं आणि शेजारच्या गावात ऐकू जाईल असा टाहो फोडला, "कोण आसात रे हयसर? धावा रे धावा! माझो झील माका पळवन व्हरता! मुंबयक!"

एकादशीची गर्दी. फुलं, तुळशी, नारळ तिथेच टाकून माणसं धावली. कुणीतरी माझी कॉलर धरली. मी म्हटलं, "अहो, माझे वडील आहेत." तर तो म्हणतो, "ता तेंकाय माहीत आसा. म्हणान तर रडतत."

देवळाबाहेर फुलं विकणारी शेवंता पुढे आली. ती आबांना वर्षानुवर्षं तुळस देत होती. "आबानूं, वालावल ही! माका वळाखल्यात नाय? मी शेवंता."

"शेवंतेसारखो आवाज कोणय काढीत!"

भटजींनी जाऊन देवळातली घंटा वाजवली. आबा म्हणाले, "घंटा काय एकाच देवळात आसता?"

तळ्यावरून वारा आला. आम्ही म्हटलं, बघा, तळ्याचा वारा. आबांनी नाक वर केलं. "खाडयेचो वास ह्यो. वाशीची खाडी इली."

भटजी अगदी समजुतीने म्हणाले, "आबा, कुडाळ सोडून तास नाही झाला. एवढ्यात मुंबई कशी येईल?"

"कशी म्हंजे? गाडी बरी केल्यान ना ह्येना!"

गर्दीतल्या दोघांनी तर माना डोलावल्या.

"शाळेत भूगोल शिकयता आणि बापाक रस्तो चुकयता!" आबा कडाडले. "माका गाढव समाजलंस? वालावलीच्या मोरयेकडचो खड्डो खंय गेलो? चिऱ्याच्या खाणीकडचे जोडखड्डे खंय आसत? नेरूरच्या उतरणीचो, जेच्यात माझी कवळी पडलेली, तो खंय आसा? माका डोळे नाय, पण ढुंगाण आसा मां!"

लोक हसले. मी नाही हसलो.

त्या रस्त्यावर आबांनी हयात घालवली होती. प्रत्येक खड्डा त्यांच्या ओळखीचा, त्याच्या ठेकेदारासकट. डोळे गेल्यावर गचका बसला की त्यांना गाव कळायचं, वळण कळायचं, देऊळ किती राहिलं ते कळायचं. मी ज्याला विव्हळणं समजत होतो, तो म्हाताऱ्याचा सगळा प्रवास होता. आणि मी, भूगोलाच्या मास्तराने, बेळगावहून सामान मागवून तो पुसून टाकला होता!

आता त्यांना पटवायचं कसं? समोरून शेणखताची बैलगाडी येत होती. बैलगाडीला पाटेही नसतात आणि शॉकअपही नसतात. मी गाडीवाल्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. आबांना म्हटलं, "आबा, बैलगाडयेत बसतल्यात?" ते म्हणाले, "बसतंय. तुझ्या गाडयेत बसूचंय नाय."

झालं! एकादशीचं धुतलेलं धोतर नेसलेले आबा शेणखतावर. मी चिखल तुडवत बाजूने चालतोय. मागे निम्मी वालावल. गाडी मोरीपाशी, त्या ओहोळावरच्या छोट्या पुलापाशी, पोहोचली आणि उजवं चाक धाडकन खाली गेलं.

"आयायायाय! मेलंय रे मेलंय!"

आबांचा चेहरा असा उजळला, की काय सांगू! त्यांनी ठेकेदाराचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं घेतलं, आणि मग आवाज एकदम खाली आला.

"सदू, मोरयेचो ह्यो. वालावल ही."

"व्हय, आबा."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"सांगतच होतंय, आबा."

दर्शन झालं. परत जाताना आबांनी बेबोकडे पाठ फिरवली आणि एसटीत बसले, अगदी मागे, चाकाच्या वर. एसटी उडत होती, आतून "मेलंय"चा गजर येत होता. मी एकटा तिच्या मागे, धूर खात, फोमवर. एक गचका नाही. इतक्या आरामात मी आयुष्यात कधी रडलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी इनासला गाठलं. म्हटलं, होती तशी कर. त्याने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "मास्तरानूं, बरी करूक माका येता. तसली वायट करूक वर्सां जावची लागतत." जुने पाटे तरी? तर लोहाराने त्यांचे कोयते करून बाजारात विकले होते. त्यातलाच एक सुमतीने नारळ सोलायला आणला होता. धार फार चांगली, असं ती सारखी सांगायची.

आबा एसटीनेच जात राहिले. बेबो अंगणात उभा. माझ्याशी ते बोलायचे, पण मी सांगितलेलं दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळून घ्यायचे. आज सोमवार म्हटलं तरी.

मे महिन्यात दादा आला. बेबोत बसून एक फेरी मारून आला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "सदा, कमाल केलीस! आता काही अडचणच नाही. आबांना हिच्यातूनच मुंबईला नेतो. पोटातलं पाणी हलणार नाही!"

पडवीत आबा पान कुटत होते. खलबत्त्याचा आवाज थांबला.

ज्या मुंबईला अडवायला मी हा सगळा उपद्व्याप केला, तिचाच रस्ता मी माझ्या हाताने गुळगुळीत करून ठेवला होता!

जेवून दादा घोरायला लागला. मी स्वयंपाकघरातून तो कोयता घेतला, अंगणात गेलो, आणि बेबोच्याच पाट्याच्या कोयत्याने बेबोचा टायर कापला. फुस्स! दुसरा. तिसरा. चौथा. घाम पुसून उभा राहिलो, तर पडवीतून आबांचा शांत आवाज आला.

"स्टेपनी रवली, सदू."

तीही कापली.

दादा माझं डोकं तपासून घ्यायला सांगून एकटाच मुंबईला गेला. तो गेल्यावर आबा काठी टेकत अंगणात आले. चाकं चाचपून बघितली, दार उघडलं आणि कितीतरी महिन्यांनी बेबोत बसले. मी शेजारी बसलो.

"खंय आसो?" त्यांनी विचारलं.

"घराकडे, आबा."

त्यांनी सीटवर बसल्या बसल्या जरा अंग हलवून अंदाज घेतला.

"व्हय," म्हणाले. "ह्या खरा."

बेबो दुरुस्त केल्यापासून त्यात बसून मी सांगितलेली ही एकच गोष्ट आबांना पटली, आणि तीही गाडी जागची हलत नव्हती म्हणून!