मानोऱ्याचीची घागर

आमचं आडनाव मानोऱ्यावरून पडलेलं. घोड्यावर बसून मानोऱ्याहून शेलूबाजारला आलेला आमचा मूळ पुरुष मोठा वतनदार होता, असं काका मिशीवर हात फिरवत सांगायचे, आणि बाबा मान डोलवायचे. मीही लग्न होईपर्यंत तो घोडा खरा मानला होता.

लग्न होऊन रिसोडला गेले आणि आठ दिवसांत माझं नाव पुसलं गेलं. सासू, जावा, आडावरच्या बाया, सगळ्या मला 'शेलूची' म्हणू लागल्या. सून आपल्या माहेरच्या गावानंच ओळखली जायची. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, मग आमच्या घरात मानोऱ्याची कोण होती?

आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले तेव्हा हेच आत्याबाईंना विचारलं. आत्याबाई म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण, विधवा, आमच्याकडेच राहायची. ती सांजोऱ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"माही माय," ती म्हणाली. "कायचा घोडा न् कायचं काय! बाप इथलाच, शेलूचा. दुष्काळात दाने आनतो म्हनून गेला, तो गेलाच. मी आंगावर पेत होती. मायनं एकटीनं वावर वाह्यलं. भाऊ शाळेत गेला त मास्तरनं इचारलं, कोनाचा रे? लोक म्हने, मानोऱ्याचीचा. तेच आडनाव लागलं."

"मग तिची घागर काहून भरत नाही?"

आखजीला वारलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, पितर म्हणून कुणाला तरी जेवायला बसवतात. आमच्याकडे एक घागर आजोबांची असायची, एक त्या मूळ पुरुषाची.

"कायची भरतीन? सवाशीन म्हनाव त नवरा नाई. रांड म्हनाव त मरेपावतर कपायावर कुंकू होतं. जेवाले सवाशीन बसवाव का रांड, भाऊबंदाचं काही ठरलंच नाई. मंग कोनीच बसवलं नाई."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पळून गेलेला मेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, तरी त्यालाच मूळ पुरुष म्हणून दर वर्षी घागर, वरून पुरणपोळी. आणि जिनं सगळ्यांना जगवलं तिच्या पाण्याचा निकाल लागेना! बरं, काकांना आणि बाबांना हे माहीत नव्हतं असंही नाही. दोघं तिच्या हातची भाकर खाऊन मोठे झाले होते. तिचं आडनाव पागोट्यासारखं मिरवायचं आणि तिला घोटभर पाणी द्यायचं नाही! मला त्या दोघांची किळस आली.

घागरींचं पाणी लेकीनं आणायचं, अशी आमच्या घरची रीत होती. मी आडावर गेले, दोन्ही घागरी भरून आणल्या, देवघरापुढे ठेवल्या. पाटावर पितर म्हणून बसवलेले शेजारचे आजोबा पानाकडे बघत होते. काकांनी तीळ हातात घेतले.

मी म्हटलं, "ही आजोबांची. आन् ही मानोऱ्याचीची."

काकांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "पोरीच्या जातीनं पितरात तोंड घालू नये. शब्द मांगं घे."

"नाई घेत. तुमच्या घोडेवाल्याले तुमी आना पानी."

बाबांनी माझ्यावर हात उगारला. शेजारचे आजोबा मध्ये पडले म्हणून मी वाचले. एकाच्या नावानं बोललेलं पाणी दुसऱ्याला चालत नाही, म्हणून काका तणतणत स्वतः आडावर गेले. मानोऱ्याचीची घागर बाबांनी पायानं कोपऱ्यात सारली. थोडं पाणी सांडलं. मूळ पुरुषाची पूजा झाली, पितर जेवला, त्याने ढेकर दिला.

त्या कोपऱ्याकडे मग कुणी बघितलं नाही. आत्याबाई स्वयंपाकघरातून उठून आली. तिने सांडलेलं पाणी पदरानं पुसलं, घागरीवर एक सांजोरी ठेवली आणि समोर फतकल मारून बसली. सगळ्या पुरुषांदेखत, मोठ्यानं म्हणाली,

"पे वं माय. तुह्याच नावाचं हाय."