मावशी आणि कमी पाणी पिणारं सोयाबीन

काचघरात बावीस वर्षं पाणी घालणाऱ्या मावशीला कुंडी नुसती उचलली की रोपाची तहान कळते. यंदा शेवाळातलं जनुक घातलेलं सोयाबीन शेजारच्या साध्या सोयाबीनपेक्षा जोमानं वाढलं, पण त्याच्या कुंड्या ओल्याच राहायच्या.

"लाडानं जास्त पाणी पाजता तुम्ही त्यांना! प्रयोग बाद होईल," संशोधक बाई चिडल्या.

"मी नाही पाजत, तीच कमी पितात. तुम्ही स्वतः सगळ्यांना सारखं पाणी घाला, कुंड्या मिसळा. उद्या डोळे बांधून, नुसती उचलून सांगते कुठली साधी नि कुठली जनुकवाली."

दुसऱ्या दिवशी मावशीनं डोळ्यांवर पट्टी बांधून चाळीस कुंड्या उचलल्या. एकही चुकली नाही.

"चुकलं माझं, मावशी. आता पाणी मोजायलाच नवा प्रयोग मांडते."

"मांडा की. फक्त कुंड्या निम्म्या करा, कंबर गेली माझी."