दुसऱ्या कडव्यानंतरचं नाव

त्रुपियो गावात तेल्विना तोर्रेसला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्याचं कारण तिचे बोयो नव्हेत. बोयो ती चांगलेच करते. मक्याचं पीठ मळून, पानांत गुंडाळून पहाटेच उकडायला लावते आणि नऊच्या आत टोपली रिकामी करून घरी येते. पण तसे बोयो करणाऱ्या गावात आणखी चौघी आहेत, आणि त्यातल्या एकीचे तर हिच्यापेक्षा मऊ असतात. तेल्विनाला जो मान होता तो तिच्या मुलाच्या नावाचा. ते नाव ओल्मेदो पित्रेच्या गाण्यात होतं.

ओल्मेदो पित्रे कोण, असं आमच्या भागात कुणी विचारलं तर लोक त्याला आधी पाणी देतील, म्हणतील ऊन लागलं बिचाऱ्याला. तीस वर्षं त्या माणसाने गळ्यात अकॉर्डियन अडकवून सगळा मुलूख नाचवला. तीन बायका केल्या, यकृत दारूत घालवलं, आणि मेला तेव्हा शहरातली दुकानं तीन दिवस उघडली नाहीत. आमच्याकडच्या गायकांची एक रीत आहे. गाणं रंगात आलं, अकॉर्डियनने एक गिरकी घेतली, की गायक मध्येच कुणाला तरी नाव घेऊन हाक मारतो. कधी मित्राला, कधी डॉक्टरला, कधी हजार गुरांच्या मालकाला. ती हाक रेकॉर्डमध्ये कायमची बसते. त्या एका हाकेसाठी बडी माणसं गायकाच्या दारी उमदी कालवड बांधतात.

विल्मानने काही बांधलं नव्हतं. सतरा वर्षांचा होता. सान रोकेच्या जत्रेला येताना ओल्मेदोची जीप नदीत रुतली, आणि या पोराने दोन खेचरं जुंपून ती बाहेर काढली. ओल्मेदोने खिशात हात घातला तर हा म्हणाला, “पैसे नकोत, उस्ताद. नाव घ्या.” सगळे हसले. पण पुढच्या वर्षी रेकॉर्ड आली तेव्हा दुसरं कडवं संपल्यावर, अकॉर्डियन जरा दम घेतं त्या जागी, ओल्मेदो ओरडला होता: “विल्मान तोर्रेस, त्रुपियोचा राजा!” तेव्हापासून गावात ते गाणं कुठेही लागलं की हातातलं काम टाकून सगळे त्या जागी ओरडायचे. न्हाव्याचा वस्तरा थांबायचा. पाद्रीबुवासुद्धा ओठातल्या ओठात म्हणायचे, असं म्हणतात.

तीन वर्षांनी हत्यारबंद माणसांनी बाजारची गाडी अडवली, तिघा पोरांना खाली उतरवलं आणि नेलं. त्यात विल्मान होता. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. कुणी नेलं, का नेलं, हे ज्यांना ठाऊक होतं ते बोलले नाहीत, आणि जे बोलले त्यांना ठाऊक नव्हतं. प्रेतं मिळाली नाहीत. बाकीच्या दोन घरांनी पाच-सहा वर्षं वाट पाहिली आणि मग, प्रेताशिवाय का होईना, मेलेल्या माणसाचे प्रार्थनेचे नऊ दिवस घातले. तेल्विनाने घातले नाहीत.

तिची शेजारीण रोसमिरा विल्मानची धर्माची आई. तिने किती वेळा सांगून पाहिलं. “तेल्विना, पोराच्या जिवाला शांती नको का?”

“ज्याला रोज कुणी ना कुणी हाक मारतंय त्याचे दिवस कसे घालू गं मी? मेलेल्याला गाण्यात हाक मारतात का? जित्यालाच मारतात.”

आणि रीत तशीच आहे. हाक जित्या माणसालाच असते. आईच्या मनाला धरायला एवढंसं टोक पुरतं. ते टोक धरून ही बाई सव्वीस वर्षं उभी होती, आणि तिला खुळी म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरात बघावं असं मला वाटतं.

मग ओल्मेदोवर पिक्चर निघणार अशी बातमी आली. दीड वर्षापूर्वी पिक्चरच्या कंपनीची एक पोरगी गावात आली. गोड होती, नम्र होती, बोयो तीन खाल्ले. तिच्याकडे एक छापील कागद होता. पिक्चरसाठी गाणी नव्याने गाऊन घ्यायची होती आणि त्यात ज्यांची नावं येतात त्या सगळ्यांची परवानगी हवी होती.

“मावशी, विल्मान हयात आहेत का?” तिने विचारलं.

“आहे.”

“मग त्यांची सही लागेल. कुठे भेटतील?”

“इथे नाही. आला की करील सही.”

पोरगीने बाहेर जाऊन कुणाला तरी विचारलं असावं, कारण परत आली ती खाली बघत. हळूच म्हणाली, “मावशी, ते वारले असतील तर तुमची सही चालते. इथे फक्त खूण करायची. या चौकोनात.”

तेल्विनाने तो चौकोन पाहिला. टिकलीएवढा होता. तिने पेन परत दिलं. “माझा मुलगा मेलाय असं मी लिहून देणार नाही. तू कुणाची आहेस गं? तुझ्या आईला विचार, ती देईल का.”

“बरं मावशी,” पोरगी म्हणाली, “बघतो आम्ही.”

बघतो म्हणजे काहीतरी होईल, असं आम्ही खेड्यातली माणसं समजतो.

पिक्चर त्रुपियोत आला तो मार्चमध्ये. आमच्याकडे थिएटर नाही. कोंबड्यांच्या झुंजींचा गोल आखाडा आहे, पत्र्याच्या छपराचा. त्याला चहूबाजूंनी काळं प्लास्टिक लावून दुपारी चारला खेळ ठेवला. शुक्रवार, शनिवार, रविवार. तेल्विनाने ठेवणीतला निळा झगा इस्त्री केला. रोसमिराने तिला समोरची जागा धरून ठेवली, आणि आत जाताना लोक बाजूला होऊन वाट देत होते. “या मावशी, राजाची आई आली, सरका रे!”

शुक्रवारी आखाड्यात जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा आहे. पडद्यावर ओल्मेदो आला आणि लोक खवळले.

“हा ओल्मेदो? याला अकॉर्डियन दिलंय की पाळण्यातलं पोर?”

“अरे, तो डावरा होता! डावरा!”

“नाक बघा, नाक! ओल्मेदोचं नाक आधी घरात यायचं, मग ओल्मेदो!”

तिन्ही बायकांची मिळून पिक्चरवाल्यांनी एकच बायको केली होती. त्यातली दुसरी आमच्याच गावची, दोनिया एल्बा. ती तिसऱ्या रांगेतून उठून उभी राहिली. “मी कुठंय यात? अकरा वर्षं त्याची घाण काढली मी!” सगळा आखाडा हसून लोळला. पण त्याची आई मरते तो प्रसंग आला तेव्हा तेच लोक हमसाहमशी रडत होते. नाक विसरले, डावरेपण विसरले. पत्र्याखाली भट्टी झाली होती आणि घाम कुठला नि डोळ्यांचं पाणी कुठलं, कळत नव्हतं.

मग ते गाणं लागलं. दुसरं कडवं संपलं, अकॉर्डियनने गिरकी घेतली, आणि चारशे माणसं एका श्वासात ओरडली: “विल्मान तोर्रेस, त्रुपियोचा राजा!” पत्रा थरथरला. रोसमिराने तेल्विनाला मिठी मारली. बाहेर पडताना जो तो तिच्या हाताला हात लावत होता. “आला की नाही, मावशी? पिक्चरमध्ये आला की नाही?”

तेल्विना हसली नाही. तिने पडद्यावरचं तोंड पाहिलं होतं. ते तोंड तिच्या मुलाच्या नावासारखं हललं नव्हतं.

“तुझं आपलं काहीतरीच,” रोसमिरा म्हणाली. “एवढ्या आरडाओरड्यात तुला काय कळणार?”

“मला त्या नावाचं कळतं.”

शनिवारी ती पुन्हा गेली. शनिवारचा खेळ शेजारच्या दोन गावांसाठी होता, त्रुपियोचे लोक थोडेच. ती लाउडस्पीकरच्या अगदी बाजूला बसली. बाहेरगावच्या लोकांना ओरडायचं काही नव्हतं. ते शेंगदाणे खात होते. दुसरं कडवं संपलं, गिरकी झाली, आणि तो डावरा नसलेला ओल्मेदो स्वच्छ म्हणाला: “रेनाल्दो कास्तिया, साऱ्यांचा यार!”

रेनाल्दो कास्तियाचं शहरात मोटारसायकलींचं दुकान आहे. बरा माणूस आहे म्हणतात. त्याने सही केली होती.

ती घरी आली. रोसमिराने तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं आणि मग तिचा तोल गेला. प्रेमाच्या माणसाचा जातो तसाच. “एक खूण करायची होती, तेल्विना! एवढीशी! मी तेव्हाच म्हटलं होतं. तू त्याला जिता ठेवायला गेलीस आणि घालवलंस.”

“हो,” तेल्विना म्हणाली. रोसमिरा दारातच रडायला लागली, तेव्हा तेल्विनाने तिला पाणी दिलं.

संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली. लोकांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. दोनिया एल्बा तर म्हणाली की कंपनीवर फिर्याद लावू. पण वाईट वाटण्याचीही आमच्याकडे एक मुदत असते. आणि पोरांना त्यातलं काय कळणार? वीस वर्षांच्या आतल्या पोरांनी विल्मानला पाहिलेलंच नव्हतं. त्यांना तो गाण्यातला एक शब्द होता. पिक्चरमधलं नवीन गाणं शनिवारीच त्यांच्या फोनमध्ये आलं. रविवारी सकाळी तेल्विना टोपली घेऊन निघाली तेव्हा मोटारसायकलवरून जाणारं एक पोर रेनाल्दो कास्तियाला हाक मारत गेलं. तिला पाहून त्याने मान खाली घातली. पुढच्या वळणावर पुन्हा ओरडलं.

रविवारचा खेळ शेवटचा होता. रोसमिरा म्हणाली, “नको जाऊस.” तेल्विनाने तोच निळा झगा घातला. तिच्या मनात काय होतं ते तिने जाताना सांगितलं. “आज मी मारते हाक. कुणी नाही मारली तर मी मारते. इतकी वर्षं लोकांनी मारली, मी नुसती ऐकत बसले.”

हे खरं होतं. सगळं गाव ओरडायचं, पण तिने स्वतः कधी ती हाक मारली नव्हती. ती ऐकणारी होती. बाकीच्यांच्या तोंडून येणारं नाव तिला पोचायचं, मग तिने कशाला ओरडावं?

त्या दिवशी आखाडा पुन्हा त्रुपियोच्या लोकांनी भरला होता. नाकाचे विनोद झाले, पण दुसऱ्यांदा लोक कमी हसले. आईच्या मरणाला रडणारेही निम्मेच उरले. गाणं लागलं तशी मोठी माणसं चुळबुळायला लागली. कुणी शर्टाची बाही नीट करत होतं, कुणी पत्र्याकडे बघत होतं. दुसरं कडवं संपलं. गिरकी झाली. मागच्या बाकांवरची पोरं जोरात ओरडली, “रेनाल्दो कास्तिया, साऱ्यांचा यार!” आणि मोठी माणसं गप्प राहिली. शरम होती ती. पण शरमेचा आवाज होत नाही.

तेल्विना उभी राहिली. उठायला गुडघ्यांनी वेळ घेतला, एकाहत्तर वर्षांचे गुडघे ते. तोवर अकॉर्डियन पुढे गेलं होतं, तिसरं कडवं सुरू झालं होतं. हाकेची जागा निघून गेली होती. तरी ती ओरडली. “विल्मान तोर्रेस!” पुढचं ‘त्रुपियोचा राजा’ तिला जमलं नाही. आईला कसं जमणार? घरी त्याला कुणी राजा म्हणत नव्हतं. आवाज चिरका निघाला, अंगणातून जेवायला बोलावल्यासारखा.

पडद्यावरचा ओल्मेदो गात राहिला. मग मागून एक पोरगं म्हणालं, उर्मटपणे नव्हे, साधंच म्हणालं, “बसा ना मावशी. दिसत नाही.”

ती बसली. पिक्चर संपेपर्यंत बसून राहिली. ओल्मेदो मेला, मोठी अंत्ययात्रा निघाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि प्लास्टिक वर उचलून बाहेरच्या उन्हात गेले. दोघी म्हाताऱ्या सगळ्यांच्या शेवटी निघाल्या. वाटेत दोन-तीन जणांनी “येतो मावशी” म्हटलं, तेही दुसरीकडे बघत. घरी पोचल्यावर तेल्विनाने झगा बदलला, मक्याचं पीठ भिजवायला घेतलं, आणि निम्म्यात हात थांबवून रोसमिराला म्हणाली, “उद्या प्रार्थनेवालीला सांगून ये. नऊ दिवस बसायचंय.”

रोसमिराला आधी कळलंच नाही. “कुणाचे?”

“विल्मानचे.”

रोसमिराने छातीवर क्रूसाची खूण केली. जे ऐकायला ती इतकी वर्षं भांडत होती ते ऐकल्यावर तिला भीतीच वाटली. “तेल्विना, रागात नको ठरवूस. आजच नको. तू मनापासून म्हणतेस का? मानलंस का तू?”

तेल्विना पिठाकडे बघत होती. “मानलं, नाही मानलं, मला माहीत नाही. पण प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी ती बाई मेलेल्याचं पूर्ण नाव मोठ्याने घेते ना? आणि सगळे पाठोपाठ म्हणतात?”

“म्हणतात.”

“मग तिला सांग, विल्मान होसे तोर्रेस. नऊ दिवस तरी घेतील.”