डोरोथीच्या गळ्याचा चमत्कार

वांद्र्याच्या मोत माउलीने डोरोथीचा गळा वाचवला, ही गोष्ट आमच्या गावठाणात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. अंधेरी पूर्वेला, मेट्रोचे खांब आणि काचेची ऑफिसं यांच्या मधोमध आमची मूठभर कौलारू घरं अजून तग धरून आहेत. त्यांतल्या कुठल्याही घरात जाऊन गळा दुखतोय म्हणा, दोन गोष्टी हमखास मिळतील: सुंठीचा काढा आणि डोरोथीची कथा. मी तिच्या समोरच्याच घरात राहते. माझं नाव डेल्फिन. चर्चच्या कॉयरमध्ये मी खालच्या आवाजात गाते, म्हणजे डोरोथी वर भरारी घेते तेव्हा खाली जमीन धरून ठेवायची ती मी. उभं आयुष्य हे केलं, पण कुणी कधी "वा डेल्फिन" म्हणालं नाही. असो, विषय माझा नाही.

डोरोथी गोराईची. लग्न होऊन इथे आली तेव्हा हिच्या आवाजाची ख्याती हिच्याआधी पोचली होती. औषधांच्या कंपनीत पॅकिंगला उभी राहून नोकरी केली, दोन पोरी वाढवल्या, त्या कॅनडाला गेल्या, पण रविवारचा कॉयर हिने चुकवला नाही. ऑक्टोबरात आमचा आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणायच्या आणि फादरांनी त्यांना आशीर्वाद द्यायचा, असा तो सण. आमची शेतं इमारतींखाली गेली, लोंब्या आता गोराईहून मागवाव्या लागतात, पण सण सुटलेला नाही. लोंब्या वेदीपाशी पोचतात तेव्हा एक जुनं गाणं होतं, आणि त्याचं शेवटचं कडवं एकटीने गायचं असतं. ते कडवं डोरोथीचं. त्यात एक उंच स्वर असा आहे की तो लागला तर अंगावर काटा येतो आणि नाही लागला तर सगळं चर्च खोकायला लागतं.

हे कडवं तिच्याआधी तिच्या सासूचं होतं. म्हातारीचा आवाज फाटायला लागला तेव्हा सगळे गप्प होते. डोरोथी मात्र नव्हती. चर्चमध्ये कॉयर उभा राहतो त्या माळ्यावर, सगळ्यांसमोर तिने सासूला सांगितलं, "आई, देवापुढे फाटकं नको. आवाज गेला की माणसाने गुमान जिना उतरायचा." म्हातारी जिना उतरली. त्यानंतर ती मिस्सेच्या प्रार्थनेला खाली बाकावर बसायची, पण ओठ कधी हलले नाहीत. डोरोथीचा नवरा रोझारिओ तेव्हाही कीबोर्डवरच होता. तो काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नाही. एअरपोर्टवर इलेक्ट्रिशियन होता, तारा जोडायच्या आणि घरी यायचं, असा माणूस.

मग डोरोथीच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन करायलाच हवं होतं, आणि आवाजाची खात्री देता येणार नाही असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. ऑपरेशननंतर कित्येक महिने ती खुणांनीच बोलली. मोत माउलीला नवस बोलली, तोही मनातल्या मनात. त्या वर्षी आगेऱ्याला ती माळ्यावर चढली. कडवं आलं. डोरोथी गायली. तो स्वर आला आणि लोण्यातून सुरी जावी तसा सहज लागला. खाली बायका रडत होत्या, मीही रडले. फादरांनी तिला माइकपुढे बोलावलं आणि तिने साक्ष दिली: "डॉक्टरांनी हात टेकले होते. माझ्या माउलीने मला गळा परत दिला."

तेव्हापासून दर सप्टेंबरला वांद्र्याच्या जत्रेत डोंगरावर जायचं आणि मेणाचा गळा वाहायचा, हे ठरून गेलं. तिथे मेणाचे हात, पाय, बाळं, घरं, जे मागाल ते मिळतं. नुसता गळा मिळत नाही, म्हणून डोरोथी मानेपर्यंतचं डोकं घ्यायची. लोक तिच्याकडे यायला लागले. भांडुपहून एक शाळेतल्या बाई यायच्या, त्यांच्याही गळ्यात गाठ होती. डोरोथी त्यांचा हात धरून म्हणायची, "माझ्याकडे बघा. माझं झालं ना? तुमचंही होईल."

माझं मात्र उलटंच चाललं होतं. तिचा आवाज टिकला आणि माझा खचत गेला. जी गाणी मी तरुणपणी आरामात गायचे, त्यांचे खालचे स्वर मला लागेनात. वय झालं, दुसरं काय! रोज सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमधाच्या काड्या, सगळं करून पाहिलं. डोरोथी मला वर सांगायची, "तू पण नवस बोल गं."

यंदा ऑगस्टमध्ये आमचा तबलजी विरारला राहायला गेला. आगेरा तोंडावर. फादरांनी विचारलं, कुणी ओळखीचं आहे का? गावठाणाला लागून जी सोसायटी आहे तिथे दत्ताराम राहतो. मूळ मालवणचा, वडील गिरणीत होते. भजनी मंडळात तबला वाजवतो. मीच त्याला विचारलं. मला वाटलं, देव वेगळा म्हणून नको म्हणेल, तर म्हणाला, "देव खंयचोय असांदे, तालात असलो म्हणजे झाला." रविवारी मिस्सेनंतर तालमीला येतो म्हणाला. कुठल्या पट्टीत गाता, एवढंच त्याने रोझारिओला आधी विचारून घेतलं. रोझारिओ आयुष्यभर बोलत नाही आणि त्या दिवशी नेमका बोलला: "पांढरी पाच."

पट्टी जितकी उंच तितका तबला छोटा, म्हणून दत्ताराम त्या पट्टीचा छोटा तबला घरून लावून घेऊन आला. माळ्याचा अरुंद जिना चढला, चपला खालीच काढून आला होता. मांडी घातली, वेदीच्या दिशेला हात जोडले, आणि आम्ही गाणं सुरू केलं. दोन ओळी झाल्या असतील. त्याने हात उचलला. हातोडीने तबला ठोकून पाहिला, कान लावला, पुन्हा ठोकला. मग उठून कीबोर्डपाशी गेला आणि रोझारिओच्या बोटांकडे वाकून पाहू लागला.

"रोझारिओ, तुझी पेटी खोटा बोलता रे!" तो म्हणाला. "बोट खंय आणि सूर खंय! बोट पांढरी पाचवर आणि वाजता काळी दोन!"

आम्हाला काही कळेना. दत्तारामला वाटलं पेटी बिघडली, बिचारा मदतच करत होता. त्याने त्या छोट्या स्क्रीनकडे बोट दाखवलं. "ह्यां बघ. उणे चार, म्हणजे चार सूर खाली असा दाखवता. कोणीतरी बटण दाबल्यान हा."

रोझारिओने झटकन स्क्रीनवर हात ठेवला. तेव्हा मला कळलं. कीबोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की बोटं नेहमीच्याच पट्ट्यांवर फिरतात, पण सगळं गाणं खाली उतरतं आणि उंच स्वरही सोपा होतो. बघणाऱ्याला काही कळत नाही. आम्ही कॉयरवाले कानाने शिकलेले, कीबोर्ड देईल तो स्वर धरून गाणारे. आम्हाला कोण सांगणार!

डोरोथी कीबोर्डपाशी आली. "कधीपासून?" तिने विचारलं.

रोझारिओ बटणावरची धूळ बोटाने पुसायला लागला.

"रोझारिओ, कधीपासून?"

"ऑपरेशनपासून," तो म्हणाला. "आधी दोन. मग तीन. आता चार."

 मी मटकन बाकावर बसले.

"झिरो कर," डोरोथी म्हणाली.

"डोरी, नको."

"झिरो कर म्हणते ना!"

त्याने केलं. तिने कडवं घेतलं. पहिल्या दोन ओळी कशाबशा गेल्या. मग तो स्वर आला, आणि डोरोथीच्या गळ्यातून जे निघालं ते मला लिहवत नाही. फाटलं. अगदी तिच्या सासूचं फाटलं होतं तसं. तिने पर्स उचलली आणि कुणाकडेही न बघता जिना उतरून गेली. दत्ताराम हातोडी हातात धरून तसाच उभा. "माका काय म्हायत," तो पुटपुटला. "काय झाला गे, डेल्फिनबाय?"

त्यानंतर समोरच्या घरातून आवाज यायचा थांबला. डोरोथी भाकऱ्या थापतानाही गाते, कपडे वाळत घालतानाही गाते. आता नुसती भांडी वाजत होती. दोन दिवसांनी रोझारिओ माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी त्याची चांगली हजेरी घेतली.

"अरे मेल्या, मी इतकी वर्षं गुळण्या करते! माझा आवाज विहिरीत गेला म्हणून रडत बसले, आणि तू बटण दाबत होतास?"

"सॉरी, डेल्फिन."

"तिला सांगायला काय झालं होतं?"

त्याने समोरच्या आपल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "आई जिना उतरली ते मी बघितलं होतं. परत कधी गायली नाही ती. घरात पण नाही. मला वाटलं, एकदाच करू. डोरीला जरा धीर येईल, मग सांगू. तर ही माइकवर जाऊन मोत माउलीचं नाव घेऊन मोकळी. त्यानंतर कसं सांगणार होतो मी? काय सांगू, की चमत्कार नाही, मी आहे?"

 माझा राग मात्र गेला नाही. बायकोवर एवढी माया असावी आणि तिच्याशीच एवढं खोटं बोलावं, हे माझ्या डोक्यात अजून नीट बसत नाही.

संध्याकाळी मी डोरोथीकडे गेले. ती खाटेवर बसून होती. मला म्हणाली, "आवाज गेला त्याचं सोड. वय झालं, जाणारच. पण मी साक्ष दिली गं. चर्चमध्ये उभी राहून. त्या भांडुपच्या बाईला मी काय सांगायचे? माझ्याकडे बघा म्हणायचे! काय बघायचं होतं माझ्यात? बटण?" मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "माउलीने मला काहीच दिलं नव्हतं, डेल्फिन. एवढी वर्षं मी उगाच थँक्यू म्हणत होते."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही, आणि तेच मला बघवेना. कॉयरचं सोडा, ही आता चर्चलाच यायची नाही, अशी मला भीती वाटायला लागली. पुढच्या रविवारी ती खरंच आली नाही. रोझारिओने नजर खाली घालून मिस्सेला वाजवलं, आणि त्याने बटणाला हात लावला की नाही हे बघायचं धाडस मला झालं नाही.

जत्रा सुरू झाली. दर वर्षी आम्ही तिघं मिळून जातो, यंदा विचारायचं कुणी? तर सकाळी डोरोथी स्वतःच माझ्या दारात. जांभळी साडी, केसांत अबोलीचा गजरा, गालांवर पावडर. "चल," म्हणाली. मागे रोझारिओ, इस्त्रीच्या शर्टात, शाळेत उशीर झालेल्या मुलासारखा उभा. रिक्षात दोघं एक शब्द बोलले नाहीत. मीही तोंड मिटून बसले, आणि ते मला किती जड जातं हे ओळखीच्यांना विचारा.

डोंगराखाली मेणाचं सामान विकणारी बाई आम्हाला ओळखते. डोरोथीला बघितल्याबरोबर तिने मानेपर्यंतचं डोकं काढून पुढे केलं. "घे गं, तुझंच ठेवलंय."

डोरोथीने ते हातात घेतलं, एकदा नीट पाहिलं आणि परत ठेवलं.  झालं, म्हटलं, संपलं सगळं. इथवर ही नवस मोडायला आली.

"हात दे," डोरोथी म्हणाली.

"हात?"

"हो. उजवा. पुरुषाचा बघ, मोठ्या बोटांचा."

बाईने टोपलीतून मेणाचा हात काढला. रोझारिओ पुढे सरकला. गेल्या कित्येक दिवसांत तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलला, "डोरी, हाताला कुणाच्या काय झालंय?"

"काही झालेलं नाही," ती म्हणाली. "काही होऊ नये म्हणून."

रोझारिओ तिथेच, जत्रेच्या गर्दीत, लोकांचे धक्के खात उभा राहिला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसायला लागला. डोरोथीने मेणाचा हात पदराखाली धरला आणि पायऱ्या चढू लागली. चार पायऱ्या चढून मागे वळली.

"आगेऱ्याला चारच खाली ठेव," ती म्हणाली. "पण आधी माइकवर सांग सगळ्यांना. आणि दत्तारामला म्हणावं, मोठा तबला आण."